गाफच्या राईचं कुंपण

"कप खाली ठेवायचा," कारखानीससाहेबांनी मला गाडीत बजावलं होतं, "आणि म्हातारा स्वतः 'पी' म्हणेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. एक घोट घेतलास की तू नुसता पाहुणा. मग खजूर खायचे आणि घरी यायचं."

म्हणून मी कप खाली ठेवला. बिनकानाचा, लिंबाएवढा कप आणि त्यात वेलदोड्याची कडू कॉफी. समोर बखीत बिन मुसल्लम पितळी किटली घेऊन उभे होते. ओतून झालं की ते बसणार होते, पण गालिच्यावर ठेवलेला कप पाहिला आणि ते उभेच राहिले. तंबूत त्यांचे भाऊबंद बसले होते, त्यांच्या गप्पा थांबल्या. दाराशी बसलेला पुतण्या हमूद माझ्याकडे टक लावून बघू लागला. साहेब माझ्या शेजारीच होते. त्यांनी आपली कॉफी केव्हाच संपवली होती.

बखीत त्यांच्याकडे बघतही नव्हते. मला म्हणाले, "पी, सिरंग. दिलं."

श्रीरंग त्यांना म्हणता येत नसे. मी म्हणालो, "पण बाबा, काय पाहिजे ते मी अजून सांगितलंच नाही."

"सांगशील की. आधी पी. थंड झाली तर दुसरी ओतणार नाही."

तंबूत हशा पिकला. मीही हसलो आणि कॉफी प्यायलो.

त्या लोकांची ही रीत. आपल्याकडे कोणी उंबऱ्यात उभं राहून "एक मागायचंय, नाही म्हणू नका" म्हणालं, तर आपण आधी "काय ते बोला" म्हणतो. शहाणी माणसं आपण. ते लोक विचारत नसत. पाहुण्याने कप न पिता खाली ठेवला की आधी दिलं म्हणायचं आणि मग काय दिलं ते ऐकायचं. बखीतच्या वडिलांनी अशीच एकदा आपली सगळ्यांत देखणी सांडणी एका परक्या माणसाला देऊन टाकली होती म्हणे. ती गोष्ट ते कौतुकाने सांगत, आणि सांगताना सांडणीच्या आठवणीने डोळेही पुसत.

"बोल आता," बखीत म्हणाले.

"राईभोवती कुंपण घालू द्या. तीन वर्षं आत कोणी जायचं नाही. उंट नाही, शेळी नाही, माणूस नाही."

या वेळी कोणी हसलं नाही. हमूद अरबीत काहीतरी ताडकन बोलला. बखीतनी नुसता हात वर केला तसा तो गप्प झाला.

"उन्हाळ्यात बायकापोरं कुठे बसतील?"

"कंपनी मांडव घालून देईल, बाबा. उंटांना चाराही देईल."

"आणि झाडं?"

"झाडं वाढतील. नवी येतील. म्हणून तर मागतोय."

म्हाताऱ्याने किटली खाली ठेवली. "मग मला काय विचारतोस? मी दिलं म्हटलंय ना."

तो देश कुठला ते सांगत नाही, पुढे कॉलेजात माझ्याकडे शिकलेले काही विद्यार्थी अजून तिथे नोकरीला आहेत. आखातातला देश, वर वाळू आणि पोटात तेल नि गॅस, एवढं पुरे. मी मूळचा संगमनेरचा, श्रीरंग बोडके, वनस्पतिशास्त्र शिकलेला. त्या काळी तेलकंपन्यांना नुकताच पर्यावरणाचा पुळका आला होता आणि माझ्यासारख्या झाडपाल्यावाल्यांना तिथे भाव आला होता. मला तिकडे नेलं ते विद्याधर कारखानीसांनी. कंपनीच्या पर्यावरण विभागाचे ते प्रमुख. तेलविहिरींवरच्या छावणीत साहेब, पण सुट्टीला राजधानीतल्या त्यांच्या घरी गेलो की दादा. सुलभावहिनी मला समोर बसवून आमटीभात वाढायच्या आणि तिथल्या मिरच्यांना तिखटपणाच नाही म्हणून हळहळायच्या. माझे वडील मी शाळेत असतानाच गेले. दादांच्या घरात मला पहिल्यांदा कोणीतरी "केस वाढलेत, काप" म्हणून रागावलं, आणि ते मला आवडलं होतं.

बखीतशी ओळख मात्र माझी मी करून घेतली. ते तरुणपणी फौजेत होते, तिथल्या बलुची शिपायांकडून हिंदी शिकले होते. त्यांची हिंदी इथे मराठीतच सांगतो, नाहीतर तिच्या गमती सांगण्यातच गोष्ट संपेल. तेलविहिरींपासून थोड्या अंतरावर एका खोलगट भागात गाफच्या झाडांची राई होती. गाफ म्हणजे दुसरं-तिसरं काही नाही, आपली शमी, दसऱ्याला आपण जिची पूजा करतो तीच. एवढ्या दूर वाळवंटात घरचं झाड भेटल्यावर मी वेड्यासारखा खोडाला हात लावत फिरत होतो. ते बघून बखीतनी मला हाक मारली होती. त्या राईखेरीज आसपास कुठे सावली नव्हती. उन्हाळ्यात तिच्या शेंगापाल्यावर उंट जगत. बखीतचा जन्म त्यांतल्याच एका झाडाखाली झाला होता आणि ते झाड ते ओळख करून दिल्यासारखं दाखवत.

पण राईत सगळी म्हातारी झाडं होती. कोवळं रोप वर आलं की उंट तेवढंच नेमकं खात. कुंपण घातलं नाही तर पुढच्या पिढीला राई दिसणार नाही, असं मी साहेबांना येताच सांगितलं होतं. त्यांनी वर्षभर ते कानाआड केलं. मग एक दिवस एकाएकी मला बोलावून म्हणाले, "रंगा, तुझी राई वाचवू या. कंपनी पैसे देतेय. म्हाताऱ्याला पटव."

मला आकाश ठेंगणं झालं. मी म्हणालो, "दादा, माझा विश्वासच बसत नाही."

"विश्वास पानिपतात गेला रे. तू कामाला लाग."

कुंपण उभं राहिलं. उंच जाळी आणि तिला बाहेरून हिरवं कापड, रोपांना वाऱ्याचा मार बसू नये म्हणून. कापडाची कल्पना साहेबांची होती. राईच्या मागच्या अंगाला गाड्यांसाठी रस्ता झाला, कारण रोपांना पाणी टँकरनेच घालावं लागणार होतं. पहिली रोपं मी आणि बखीतनी मिळून लावली. प्रत्येक रोपाची माती दाबताना ते काहीतरी पुटपुटत. कुंपणाचं दार बंद करताना त्यांनी मला विचारलं, "मीसुद्धा नाही ना जायचं?"

मी म्हणालो, "बाबा, तुम्ही गेलात की तुमच्यामागे तुमचा उंट येतो."

ते मनापासून हसले. "खरंय. नाही जाणार."

त्यानंतर माझं लग्न ठरलं. दादांना मुलगी पसंत, वहिनींना माझ्याहून जास्त पसंत. मी तीन आठवड्यांची रजा मागितली, दादांनी ती तीन महिन्यांची केली. "लग्न एकदाच होतं. महाबळेश्वरला जा, सासुरवाडीला राहा. राई मी बघतो." दोघं लग्नालाही आले. वडिलांच्या जागी कोण बसणार असा प्रश्न आला तेव्हा माझ्या आईनेच त्यांना पाटावर बसवलं. परत आल्यावर त्यांनी मला छावणीवर जाऊ दिलं नाही. बायको नवी, वाळवंटात कुठे नेतोस, म्हणून राजधानीतल्या कचेरीत टेबल दिलं. राईबद्दल विचारलं की हातानेच उंची दाखवत.

"तुझी पोरं इथवर आलीत," कमरेशी हात नेऊन ते म्हणत. "आता जरा तुझ्या घरच्या पोराचं बघ."

गाफचं रोप इतक्यात कमरेला लागत नाही, हे मला माहीत होतं. मला वाटलं साहेब कौतुकाने फुगवून सांगताहेत. मायेच्या माणसाच्या थापा आपण मोजत नाही.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी कोणाला न सांगता मी गाडी काढली आणि सरळ राईवर गेलो.

सकाळचं ऊन चढत होतं. दुरूनच मला कुंपणाबाहेर बखीत दिसले, हातात काठी घेऊन एका सांडणीला हाकलत होते. ती हिरव्या कापडाला नाक लावायला बघत होती. मला पाहून त्यांनी काठी टाकली आणि दोन्ही हात पसरले.

"सिरंग! लग्न केलंस आणि बाबाला विसरलास?"

मग गालाला गाल लावून झाले, आईची, बायकोची, सासऱ्याची चौकशी झाली. मांडव कुठे दिसत नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, "येईल. कामं उशिरा होतातच." बायकापोरं उन्हाळाभर एका जुन्या ट्रकच्या सावलीला बसली होती. हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. उलट ते मला आपलं काम दाखवायला उतावीळ झाले होते.

"बघ. चारी बाजूंनी बघ. एक तरी शेळी आत गेलीय का? जाळीला एक तरी भोक आहे का?"

"नाही, बाबा."

"हमूद एकदा चढला होता. म्हणत होता, आत काय चाललंय ते बघतो. मी त्याला पायाला धरून खाली ओढलं. हात मोडला त्याचा. माझ्या सख्ख्या भावाचा मुलगा, अजून माझ्याशी बोलत नाही." त्यांनी काठी उचलली. "पण मी शब्द दिला होता."

वास मला तेव्हाच आला होता. वारा पडला होता तरी येत होता. तेलावर काम करणाऱ्याला तो ओळखायला नाक शिंकरावं लागत नाही.

"बाबा, हा वास कसला?"

"खताचा. तूच म्हणाला होतास ना, खत घालणार म्हणून? आणि पाणी तर किती आणतात तुझी माणसं! रोज टँकर येतात मागून. मी त्यांना लांबूनच दुवा देतो. एवढं पाणी तर आमच्या बायकांनासुद्धा मिळत नाही."

दाराला नवं कुलूप होतं, माझ्याजवळची किल्ली लागेना. मी खिशातला चाकू काढला, कापड फाडलं, दाराखालची वाळू हातांनी उकरली आणि अंग चोरून आत गेलो. बखीत बाहेरच थांबले. त्यांना आत यायचं नव्हतं ना.

आत तळं होतं, काळं तळं. विहिरीतून तेल एकटं येत नाही, त्याच्याबरोबर कितीतरी खारं, तेलकट पाणी वर येतं. ते परत खोल जमिनीत सोडायचं असा नियम, आणि ते काम खर्चाचं. ते पाणी इथे आणून ओतलं होतं, त्या खोलगट जागेत, झाडांच्या मुळाशी. गाफची ती सगळी म्हातारी झाडं घोट्याएवढ्या काळ्या पाण्यात उभी होती. एकावरही पान नव्हतं. आमची रोपं कुठे होती तेही ओळखू येत नव्हतं. काठाशी दोन-चार पक्षी पडले होते, पंख तेलाने चिकटलेले. कुठले ते पाहायचंही मला सुचलं नाही. बखीतचं ते जन्माचं झाड मी ओळखलं आणि मला भडभडून आलं. मी तिथेच उभा राहून रडलो.

कुंपणच शेत खातं, ही म्हण लहानपणापासून शंभरदा ऐकली होती. ते कुंपण मीच मागून घेतलं असेल, हे स्वप्नातही आलं नव्हतं.

बाहेरून आवाज आला, "सिरंग, कशी आहेत झाडं?"

मी बाहेर आलो. माझे बूट काळे झाले होते. बखीतनी आधी बूट पाहिले, मग माझं तोंड पाहिलं.

"बाबा, मी जे मागितलं होतं ते परत घेतो. तुम्ही मोकळे आहात. आत चला."

त्यांनी कमरेचा सुरा काढून कुंपणाचं कापड वरपासून खालपर्यंत फाडलं, जाळी ओढून वाकवली आणि ते आत गेले. मग बाहेर येऊन ते वाळूवर बसले आणि पायांना लागलेलं तेल वाळूने घासू लागले. मी शेजारी बसलो तर म्हणाले, "आज जा."

मी तिथून तडक छावणीवर गेलो. कारखानीस आपल्या खोलीत जेवत होते. समोर वहिनींनी दिलेली लसणाची चटणी होती.

"अरे रंगा! इकडे कुठे? बस, जेवलास का?"

"राईत जाऊन आलो."

त्यांनी घास खाली ठेवला. खोटं बोलले नाहीत, एवढं मात्र म्हणेन. हात धुऊन आले आणि म्हणाले, "हे पाणी खाली सोडायची खोल विहीर बंद पडली होती रे. पाणी काही थांबत नाही. उत्पादन थांबवलं असतं तर वरच्यांनी माझा गळा धरला असता. सहा-आठ महिन्यांचा प्रश्न होता, मग सगळं उपसून टाकणार होतो."

"झाडं मेलीत, दादा."

"झाडं परत लावता येतात. तूच सांगतोस."

"आणखी किती खोलगट जागा होत्या! हीच कशाला?"

"तिथे लोक येतात-जातात, बघतात, बोलतात. वॉचमन ठेवला तर त्याला कोणीतरी फोडतं." ते खुर्चीत टेकून बसले. "म्हाताऱ्याचा शब्द कोणाला फोडता येत नाही. त्याला स्वतःलासुद्धा नाही."

ते हे कौतुकाने बोलले. म्हाताऱ्याचं कौतुक त्यांना खरंच होतं, आणि त्याचमुळे माझ्या अंगाची आग आग झाली. मी हिशोब केला. रजेवर जाईपर्यंत मी राईवर होतोच, म्हणजे टँकर सुरू झाले ते माझ्या लग्नाच्या सुमारास. माझ्या डोक्यावर अक्षता पडत होत्या तेव्हा राईत टँकर रिकामे होत होते, आणि ते करवून घेणारा माणूस माझ्या वडिलांच्या पाटावर बसला होता. केसाने गळा कापतात म्हणतात, तो असा.

"मी वर जाऊन सगळं सांगणार," मी म्हणालो.

"सांग. वर सगळ्यांना माहीत आहे." त्यांनी चटणीची बरणी माझ्याकडे सरकवली. "जेव आधी. रिकाम्या पोटी माणूस जास्त चिडतो."

मी न जेवता उठलो.

दुसऱ्या दिवशी बखीतच्या भाऊबंदांनी आपल्या गाड्या आडव्या लावून कंपनीचा रस्ता अडवला. छावणीचं येणंजाणं ठप्प झालं. कारखानीस मला शोधत आले. "चल. म्हातारा म्हणतो, सिरंगला घेऊन या, मगच बोलेन." वाटेत ते एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, शरम वाटतेय. मला वाटलं, तंबूत जाऊन ते कबूल करतील, पदरात घ्या म्हणतील. इतकं होऊनही मला तसंच वाटत होतं, याचं आता नवल वाटतं.

तंबू माणसांनी भरला होता. हमूद गळ्यात हात बांधून मधोमध बसला होता. दारी आला तो पाहुणाच, म्हणून बखीतनी आम्हाला कॉफी दिली. मी ती लगेच प्यायलो. कारखानीसांनी कप उचलला आणि सावकाश आपल्यापुढे गालिच्यावर ठेवला.

तंबूतल्या म्हाताऱ्या भाऊबंदांनी बखीतकडे पाहिलं. बखीत किटली धरून उभे होते. त्यांचे ओठ हलले आणि मिटले. मग ते म्हणाले, "काय पाहिजे?"

एका म्हाताऱ्याने मान खाली घातली. त्या तंबूत हा प्रश्न पूर्वी कोणी कप ठेवणाऱ्याला विचारला नसावा.

कारखानीसांनी घसा साफ केला. "रस्ता मोकळा करा. आम्ही खड्डा उपसू, नुकसान भरून देऊ. चूक झाली हे मान्य आहे. ज्याची चूक झाली त्याला आम्ही कामावरून काढलंय." आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जागा यानेच निवडली. कुंपण यानेच मागितलं. आत कोणी जाऊ नये, हेही यानेच तुम्हाला सांगितलं. खोटं असेल तर विचारा त्याला."

त्यांनी मराठीत, हळूच, अगदी घरच्यासारखं सांगितलं, "गप्प बस, रंगा. तुझं सगळं नीट करतो. दोन वर्षांनी परत आणतो तुला."

"सिरंग," बखीत म्हणाले, "हा म्हणतो ते खरं?"

"जागा मी निवडली, बाबा. कुंपण मी मागितलं. आत जाऊ नका हे मी सांगितलं. ते पाणी मी नाही सोडलं. ते सोडणार आहेत हे मला माहीत नव्हतं."

"मला ठाऊक आहे. ज्याला लपवायचं असतं तो दार उकरून आत घेऊन जात नाही."

माझ्या छातीवरचं ओझं क्षणभर उतरलं. पण त्यांचं बोलणं संपलं नव्हतं.

"तुझा साहेब मागायला आला असता, तर त्यालाही मी दिलं असतं. द्यावंच लागतं. पण मग मी रोज कुंपणापाशी जाऊन वास घेतला असता. हमूदला खांद्यावर घेऊन मी स्वतः आत बघायला लावलं असतं. तू होतास म्हणून मी डोळे मिटले." ते हमूदकडे वळले आणि अरबीत काहीतरी म्हणाले. हमूदने तोंड फिरवलं. मग ते पुन्हा माझ्याशी बोलले, "त्याने तुला फसवलं, ते तुझं तू बघ. मी त्याला ओळखत नव्हतो. मी तुला ओळखत होतो."

कारखानीसांची मागणी त्यांनी मान्य केली नाही, नाकारलीही नाही. आधी खड्डा उपसा, मग रस्ता, एवढंच म्हणाले. खड्डा उपसायला महिने गेले. त्यातलं एकही झाड पुन्हा फुटलं नाही, असं मला मागाहून कळलं. बखीत पुढे उत्तरेकडे मुलीजवळ जाऊन राहिले आणि तिथेच वारले.

तंबूतून आम्ही दोघं एकाच गाडीतून परतलो, कारण दुसरी गाडी नव्हती. कारखानीस गाडी चालवत होते. त्यांचा चेहरा उतरला होता, पण हात स्टिअरिंगवर स्वस्थ होते. मी विचारलं, "मीच का? एवढा स्टाफ होता. मलाच का पाठवलंत मागायला?"

त्यांनी खरंच विचार केला. "तू त्या कुंपणाबद्दल मनापासून बोलायचास. मी किंवा दुसरा कोणी मागायला गेला असता, तर म्हाताऱ्याने डोळ्यांत बघूनच ओळखलं असतं. तुझ्या डोळ्यांत काही सापडणार नव्हतं."

"म्हणून मला काही सांगितलं नाहीत."

"सांगितलं असतं तर तू गेला असतास?"

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसती वाळू होती. मला त्यांना शिवी द्यायची होती, पण तोंडातून अहोजाहो सुटेना. मी म्हणालो, "आणि ती लग्नाची रजा? तीन महिने? पाटावर बसलात तेही त्यासाठीच?"

कारखानीसांनी गाडी कडेला घेतली आणि थांबवली. त्यांचे डोळे भरून आले होते. ते नाटक नव्हतं. मी त्या माणसाला नाटक करताना आत्ताच तंबूत पाहिलं होतं, फरक मला कळत होता.

"ते नाही, रंगा," ते म्हणाले. "रजा सोयीची पडली, हे खरं. पण पाटावर मी मनापासून बसलो होतो रे. तुझ्या वहिनीला विचार."

मी वहिनींना कधीच विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती, ते खरंच बोलत होते. नुसता लुच्चा माणूस असता तर मी त्याला चार शिव्या घालून केव्हाच विसरलो असतो. त्यांनी मला मुलासारखं मानलं होतं आणि तरीही हे केलं, हे मला आजपर्यंत माफ करता आलेलं नाही.